सात पॉइंट तेवीस

एकतीस वर्षं नंदेसरीच्या लॅबमध्ये
ब्युरेटची तोटी या अंगठ्यानं फिरवली.
थेंब. चंबू हलवायचा. थेंब.
मग अचानक एक फिकट गुलाबी,
तान्ह्या बाळाच्या नखासारखी.
तिथं थांबायचं.
ज्याला थांबता येत नसे
त्याला मी दुसऱ्या खात्यात धाडायचो.

हे सांगतो, कारण परवा रात्री
शियाबागेतल्या आमच्या घरी मला धाप लागली
आणि कशाची ते कोणालाच कळेना.
दमा नाही, छातीत कळ नाही,
नुसता श्वास, खोल, भरभर,
भोक पडलेल्या होडीतून
कोणी पाणी उपसत राहावं तसा.
कुमुद म्हणत राहिली, "हळू घ्या. हळू."
शेजारचे घनश्यामभाई म्हणाले,
"गभरामण छे, बीजुं कंई नथी,"
आणि लीलो चेवड्याची कागदी पिशवी ताटात उपडी करून
माझ्या तोंडाला लावली.
हळद, साखर, तिळाचा वास,
आणि मीच टाकलेला श्वास पुन्हा माझ्याच घशात.
डोळ्यांपुढे काळं आलं. हात उडाला, ताट उडालं.
चेवडा अजून कपाटाखाली सापडतो.

सयाजीत डॉक्टर ध्रुमी. असेल सव्वीसची.
तिनं मनगटाची नाडी चाचपली, सुई घातली,
आणि रक्त आपणहून सिरिंजमध्ये चढलं.
सिरिंज बर्फात ठेवून वॉर्डबॉय पळाला.
कागद आला.
पीएच सात पॉइंट तेवीस, बायकार्बोनेट नऊ.
धापेतून जमेल तेवढं म्हटलं,
"सातच्या वर... म्हणजे अल्कली. घरी जाऊ?"
ती हसली नाही.
"पोतनीसकाका, सात हा तुमच्या चंबूचा मध्य.
रक्ताचा सात पॉइंट चाळीस.
त्याच्या पाच शतांश अलीकडे, पाच पलीकडे,
एवढ्याशा फळीवर माणूस उभा असतो."

किडन्यांनी कधीच रजा टाकली होती, न कळवता.
रोजच्या वरणाचं, दुधाचं आम्ल
आतल्या आत साठत गेलेलं.
हाडं आपला चुना उधार देत राहिली,
वहीत न मांडता.
आणि फुप्फुसं रात्रपाळीला उभी.

कुमुद खमणाच्या पिठात लिंबू पिळून
वर सोडा टाकते तेव्हा पातेलं फसफसतं.
ते मी चाळीस वर्षं पाहिलंय.
तेच माझ्या नसांत चाललं होतं, उकळीशिवाय, आवाजाशिवाय:
आम्लाला सोडा भेटतो, बुडबुडा होतो,
बुडबुडा नाकावाटे निघून जातो.
त्या बुडबुड्यांच्या वाटेवर
आम्ही चेवड्याची पिशवी बांधली होती.

"मग सगळा सोडा एकदम घाला की," मी म्हटलं.
"नाही काका. घाई केली तर पोटॅशियम घसरतं,
हृदय अडखळतं."
तिनं सलाइनच्या नळीवरचं चाक अंगठ्यानं फिरवलं,
मान वाकडी करून, ओठ दाबून.
थेंब. थेंब.
चादरीखाली माझाही अंगठा फिरला.
"गुलाबी कुठे दिसणार तुम्हाला?" मी विचारलं.
तिला कळलं नाही. मग कळलं.
"नाही दिसत. दोन तासांनी पुन्हा रक्त काढायचं,
पुन्हा थांबायचं."
तिला मी माझ्या खात्यात ठेवली असती.

आता दिवसातून तीनदा सोड्याच्या गोळ्या,
ढेकर, आणि मोजून पाणी.
डायलिसिसचं बोलणं सुरू आहे;
कुमुद ते बोलणं ताटाखाली झाकून ठेवते.
काल घनश्यामभाई आले, ओशाळलेले,
हातात नवी पिशवी, तीच, मांडवीच्या दुकानातली.
मीठ मना आहे मला. चार दाणे खाल्ले.
चेवडा कुमुदनं डब्यात ओतला
आणि पिशवी त्यांच्यासमोरच
उभी, आडवी फाडली.